माणिक खरं आहे का? एका प्रश्नातले तीन प्रश्न

एखादी वस्तू 'ओळखणं' म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाकडे आज आपण थोड्या वेगळ्या वाटेनं जाणार आहोत. हातात धरता येईल अशी एक वस्तू घेऊ. माणिक.

तत्त्वज्ञानवाल्यांनी रत्नांवर कशाला बोलायचं, असं कुणाच्या मनात येईल. पण हे उदाहरण आमच्याच शास्त्रातलं आहे. भर्तृहरीनं 'वाक्यपदीया'च्या पहिल्या कांडात ते घेतलं आहे. रत्नं आणि नाणी पारखणाऱ्याला जे ज्ञान होतं ते सरावातून होतं, ते दुसऱ्याला शब्दांत सांगता येत नाही आणि ते अनुमानही नव्हे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. सराफाच्या पेढीवर बसलेल्याला हे लगेच पटेल. जवाहिऱ्या खडा चिमट्यात धरतो, उजेडात फिरवतो आणि सांगतो, "चांगला आहे." कशावरून, असं विचारलं तर म्हणतो, "नजर तयार व्हावी लागते."

गेल्या दीडशे वर्षांत झालं काय, तर एकटी नजर पुरेनाशी झाली. नक्कल इतकी सुधारली की पारख्यालाही 'कशावरून' याचं उत्तर द्यावं लागलं. ती कारणं आज बऱ्याच अंशी शब्दांत सांगता येतात. ती समजून घेतली तर दुकानात आपली फसवणूक टळतेच, शिवाय 'खरं' हा शब्द आपण किती सैल वापरतो हेही कळतं.

"हे माणिक खरं आहे का?" या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. पहिला, हा पदार्थ कोणता? दुसरा, त्याचा जन्म कुठे झाला, जमिनीत की भट्टीत? तिसरा, जन्मानंतर त्याच्यावर काय संस्कार झाले? पहिल्याला 'खरं' असं उत्तर आलं म्हणून दुसऱ्या-तिसऱ्यालाही तेच येईल असं नाही. आणि फसवणूक होते ती बहुतेक वेळा इथेच. विक्रेता एका प्रश्नाचं उत्तर देतो, आणि आपण तिन्हींचं मिळालं असं समजून पैसे मोजतो.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. माणिक हे कुरुंदाच्या जातीचं खनिज आहे. कुरुंद म्हणजे धार लावायच्या दगडात वापरतात तेच. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम, आणि इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे. रसायनाच्या भाषेत ते ॲल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध असेल तर त्याला रंगच नसतो. त्यातल्या काही ॲल्युमिनियमच्या जागी क्रोमियम आलं, तेही साधारण एखाद्या टक्क्यापर्यंत, की तोच दगड लाल होतो. लोह आणि टायटॅनियम आलं तर निळा होतो, मग त्याला आपण नीलम म्हणतो. म्हणजे माणिक आणि नीलम ही सख्खी भावंडं आहेत.

क्रोमियम दोन कामं करतं. पांढऱ्या उजेडातले जांभळे आणि पिवळे-हिरवे रंग ते शोषून घेतं, त्यामुळे मुख्यतः लाल उरतो. शिवाय शोषलेल्या ऊर्जेतली काही ते स्वतःच लाल प्रकाशाच्या रूपानं परत देतं. चांगलं माणिक निखाऱ्यासारखं आतून पेटलेलं वाटतं ते याच्यामुळे, ती निव्वळ कविकल्पना नाही. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर बनवला, तो माणकाच्या याच गुणावर. अर्थात ते माणिक कारखान्यात तयार केलेलं होतं. दगडात लोह जास्त असेल तर मात्र ही चमक दबते आणि लाल रंग काळपट वाटतो.

आता घोटाळा असा, की लाल म्हणजे माणिक, असं मानण्याची सवय फार जुनी आहे. ब्रिटनच्या राजमुकुटात 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' म्हणून प्रसिद्ध असलेला मोठा लाल खडा आहे. 'तैमूरचं माणिक' म्हणून दुसरा एक आहे, त्याच्यावर मुघल बादशहांची नावं कोरलेली आहेत. दोन्ही माणकं नाहीत. ते स्पिनेल नावाचं वेगळं खनिज आहे. युरोपात हा भेद नीट मांडला गेला तो १७८३ मध्ये, रोमे द लील या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाकडून. पण गंमत बघा, आपल्या बाजूला दोन शब्द आधीपासून होते. फारसीत माणकाला 'याकूत' आणि बदख्शानच्या स्पिनेलला 'लाल'. लाल हा याकूतपेक्षा मऊ आणि वेगळा दगड आहे हे अल्-बिरुनीला अकराव्या शतकात माहीत होतं. इंग्रजीत दोघांना एकच नाव मिळालं आणि भेद बुजला. शब्द नसला की वस्तू दिसत असूनही वेगळी दिसत नाही.

आज हा पहिला प्रश्न सर्वांत सोपा आहे. काठिण्याच्या श्रेणीत माणिक नवव्या क्रमांकावर, स्पिनेल आठव्या. पण ओरखडा काढून पाहणं म्हणजे खडाच बिघडवणं, ते कुणी करू नये. माणकात शिरलेला प्रकाश दोन किरणांत फुटतो. द्विवर्णदर्शक नावाची बोटाएवढी नळी असते, तिच्यातून पाहिलं की माणकाचे शेजारी-शेजारी दोन वेगळे लाल दिसतात, एक जांभळ्याकडे झुकणारा, दुसरा नारिंगीकडे. स्पिनेल, गार्नेट आणि काच यांच्यात एकच रंग दिसतो. त्याच्या जोडीला अपवर्तनांक मोजला, माणकाचा तो १.७६ ते १.७७ च्या दरम्यान येतो, की पदार्थ कोणता हे ठरलं.

आता दुसरा प्रश्न, जन्माचा. निसर्गात माणिक दुर्मीळ का? ॲल्युमिनियम तर पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजन आणि सिलिकॉन यांच्या खालोखाल भरपूर आहे. अडचण तीच आहे. सिलिका जवळ असली की ॲल्युमिनियम तिच्याशी जोडलं जातं आणि वेगळीच खनिजं तयार होतात. म्हणजे सिलिका कमी हवी, क्रोमियम हवं, आणि उष्णता नि दाबही योग्य हवा. या सगळ्या गोष्टी एका ठिकाणी येणं हाच योगायोग.

भारतीय भूखंड आशियावर आदळला आणि हिमालय उभा राहिला, त्या उलथापालथीत चुनखडीचा संगमरवर झाला आणि काही ठिकाणी त्यात माणिक जन्मलं. अफगाणिस्तानात जगदलक, काश्मीरच्या उत्तरेला हुंझा, म्यानमारमध्ये मोगोक, व्हिएतनाममध्ये लुक येन, हा सगळा त्याच घडामोडीचा पट्टा आहे. संगमरवरात लोह कमी असतं, म्हणून मोगोकची माणकं निखाऱ्यासारखी दिसतात. थायलंडची माणकं ज्वालामुखीच्या बेसाल्ट खडकाबरोबर वर आली, त्यांच्यात लोह जास्त, म्हणून ती गडद. आपल्याकडे कर्नाटकात आणि ओडिशातही माणिक सापडतं, पण ते बहुतेक अपारदर्शक. पैलू पाडण्याऐवजी घुमटाच्या आकारात घासतात तशा जातीचं.

मोगोकमध्ये माणिक खडक फोडून कमी आणि गाळ धुवून जास्त मिळत आलं आहे. संगमरवर झिजतो, माणिक झिजत नाही. ते दरीतल्या गाळात खाली बसतं. त्या थराला तिथे 'ब्योन' म्हणतात. त्या थरापर्यंत खड्डा खणायचा, माती वर ओढायची, पाण्यानं धुवायची आणि उरलेले खडे हातानं निवडायचे. धुऊन टाकलेल्या गाळात उरलंसुरलं शोधण्याचा हक्क परंपरेनं तिथल्या बायकांचा. त्यांना 'कानासे' म्हणतात.

या खाणींचा आपल्या कोकणाशी एक धागा आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि थिबा राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. राजवाड्याचा ताबा घेताना 'न्गा माऊक' नावाचं राजघराण्याचं मोठं माणिक नाहीसं झालं. ते आपण इंग्रज अधिकाऱ्याकडे सांभाळायला दिलं होतं, असं थिबाचं म्हणणं होतं आणि रत्नागिरीहून त्यानं ते परत मागितलंही. ते कधी मिळालं नाही. इकडे १८८९ मध्ये मोगोकच्या खाणींसाठी लंडनमध्ये कंपनी निघाली. यंत्रं आली, पंप आले, आणि तरीही १९२५ मध्ये ती गुंडाळायला काढावी लागली. त्यामागच्या कारणांत एक कारण पॅरिसमधून आलेलं होतं.

ते असं. १८८० च्या दशकात युरोपच्या बाजारात 'जिनिव्हाची माणकं' दिसू लागली. खाणीतली म्हणून विकली गेली, नंतर उघड झालं की ती भट्टीतली आहेत. पॅरिसच्या रत्नव्यापाऱ्यांच्या संघटनेनं १८८६ मध्ये ठरवलं की ती कृत्रिम म्हणूनच विकायला हवीत. पुढे ओग्युस्त व्हर्न्यूय यांनी १९०२ मध्ये आपली पद्धत जाहीर केली. तुरटीच्या जातीच्या क्षारापासून अगदी बारीक ॲल्युमिनाची पूड करायची, त्यात किंचित क्रोमियम घालायचं, आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून ती खाली पाडायची. सुमारे २०५० अंश सेल्सिअसला ती वितळते, खालच्या कांडीवर थेंब-थेंब साठते आणि काही तासांत माणकाचा एक लांबट गोळा तयार होतो. जुन्या एचएमटी घड्याळांच्या तबकडीवर '१७ ज्युवेल्स' लिहिलेलं असायचं ना? ती ज्युवेल्स म्हणजे अशा कारखान्यातल्या माणकाची बारीक बेअरिंग.

इथे जरा थांबू. हे माणिक खोटं आहे का? पदार्थ तोच, रचना तीच, काठिण्य तेच, अपवर्तनांक तोच. पहिल्या प्रश्नाला ते शंभर टक्के खरं उतरतं. काच खोटी असते ती पदार्थानं. हे पदार्थानं खरं आहे, वेगळं आहे ते इतिहासानं. म्हणून 'नकली' आणि 'कृत्रिम' हे दोन शब्द वेगळे ठेवायला हवेत. आणि दुकानदार "सेम क्वालिटी, केमिकली ओरिजिनल" म्हणाला तर तो खोटं बोलत नाही, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही.

मग इतिहास ओळखायचा कसा? इथे खड्याच्या आतले डाग कामाला येतात. आपल्या जुन्या रत्नशास्त्रात दोषांच्या याद्या आहेत. रेघ, ठिपका, ढगाळपणा. बाजारात त्यानं किंमत उतरते. परीक्षकाला मात्र तेच दोष साक्षीदार असतात. भट्टीतल्या खड्याचा थर गोलाकार माथ्यावर चढत गेलेला असतो, त्यामुळे आत वक्र रेघा दिसतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. कधी वायूचे गोल बुडबुडे असतात. जमिनीतलं स्फटिक सपाट बाजूंनी वाढतं, म्हणून त्याच्या वाढीच्या रेघा सरळ आणि कोनात असतात. नैसर्गिक माणकात रुटाइलच्या अतिसूक्ष्म सुया तीन दिशांना एकमेकींना ६० अंशांत छेदतात, तिला 'रेशीम' म्हणतात. खडा सावकाश थंड होताना टायटॅनियम वेगळं होऊन त्या सुया बनतात. संगमरवरातल्या माणकात कॅल्साइटचे बारीक स्फटिकही अडकलेले सापडतात.

हे मात्र अनुमान आहे, भर्तृहरीची 'नजर' नव्हे. धूर दिसला म्हणून अग्नी, तसं वक्र रेघ दिसली म्हणून भट्टी. व्याप्ती सांगता येते, दुसऱ्याला दाखवता येते. मात्र एक काळजी घ्यायची. चिन्ह दिसलं तर पुरावा. चिन्ह दिसलं नाही म्हणून उलट गोष्ट सिद्ध होत नाही. आत काहीच नसलेलं स्वच्छ, मोठं, स्वस्त माणिक आनंदाचं कारण नसून संशयाचं कारण असतं. शिवाय आता द्रावणातून महिनोन्‌महिने सावकाश वाढवलेली कृत्रिम माणकंही असतात. त्यांच्यात वक्र रेघा नसतातच. तिथे द्रावकाचे धुरकट पडदे किंवा प्लॅटिनमचे कण शोधावे लागतात.

तिसरा प्रश्न संस्कारांचा. हा सर्वांत अवघड, आणि आजच्या बाजारात सर्वांत महत्त्वाचा. माणिक तापवणं नवीन नाही. श्रीलंकेत फुंकणीनं कोळशाचा विस्तव फुलवून खडे तापवायची जुनी रीत आहे, त्यानं निळसर झाक कमी होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थायलंडमध्ये, विशेषतः चांथाबुरीत, विजेच्या आणि गॅसच्या भट्ट्या आल्या आणि तापमान १६०० अंशांच्या पुढे गेलं. रेशीम विरघळतं, खडा स्वच्छ दिसतो, रंग खुलतो. आज बाजारातली बहुतेक माणकं तापवलेली असतात. विकताना सांगितलं असेल तर त्यात गैर काही नाही.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला म्यानमारमध्येच मोंग शू इथे माणकं सापडली. त्यांच्या पोटात काळपट निळा गाभा होता. तापवल्यावर तो गेला. तापवताना टाकणखार वापरला की भेगांच्या कडा थोड्या वितळून पुन्हा सांधल्या जातात आणि मध्ये काचेसारखा थोडा अंश राहतो. म्हणजे आता प्रश्न आला, खड्यात दुसरं काही मिसळलं का, आणि किती?

२००४ च्या सुमारास बाजारात आलेल्या प्रकारानं तर हद्द झाली. भेगांनी भरलेलं, एरवी टाकून दिलं असतं असं हलकं माणिक घ्यायचं, आम्लानं धुवायचं आणि त्याच्या भेगांत शिसं असलेली काच वितळवून भरायची. शिशाच्या काचेचा अपवर्तनांक माणकाच्या जवळ आणता येतो, त्यामुळे भेगा दिसेनाशा होतात. काही खड्यांत काचेचं प्रमाण इतकं असतं की माणकात काच आहे की काचेत माणिक, असा प्रश्न पडावा. कॅरटला काही डॉलर, एवढीच त्यांची खरी किंमत. आणि दुसऱ्या टोकाला, २०१५ मध्ये जिनिव्हात लिलाव झालेलं, न तापवलेलं २५.५९ कॅरटचं 'सनराइज' माणिक, त्याला तीन कोटी डॉलरच्या वर भाव आला. दोन्ही 'नैसर्गिक माणिक' याच नावाखाली येतात!

हा फरक फक्त किमतीचा नाही. काच भरलेला खडा टिकत नाही. लिंबाच्या रसानं, घर साफ करायच्या आम्लधर्मी द्रवानं त्यातली काच खराब होते आणि बुजवलेल्या भेगा पांढऱ्या होऊन वर येतात. अंगठी सैल करायला सोनाराकडे दिली आणि त्यानं खडा न काढता ज्योत लावली, तर खडा वाया जातो. मग भांडण होतं आणि दोष बिचाऱ्या सोनारावर येतो. असा खडा दहापट भिंगाखाली हलवून पाहिला तर भेगांच्या जागी निळसर किंवा नारिंगी चमक उठते आणि काचेत चपटे बुडबुडे दिसतात. हे शिकायला फार दिवस लागत नाहीत.

नुसत्या उष्णतेचा छडा लावणं मात्र कठीण. रेशमाच्या सुया अखंड असतील तर खडा फार तापलेला नाही. तुटून ठिपक्यांच्या ओळी झाल्या असतील तर तापलेला आहे. पण १००० अंशांच्या खाली हलकेच तापवलेला खडा चांगल्या प्रयोगशाळेलाही चकवू शकतो. म्हणून प्रमाणपत्राची भाषा नीट वाचा. तिथे 'तापवलेला नाही' असं नसतं. 'तापवल्याची चिन्हं आढळली नाहीत' असं असतं. दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि प्रयोगशाळा तो प्रामाणिकपणे पाळते. तसंच खडा कोणत्या देशाचा हे सांगताना ती सूक्ष्म मूलद्रव्यं मोजते, आतली चिन्हं ताडून पाहते, आणि निष्कर्षाला 'मत' म्हणते. ज्ञान आणि मत यातला फरक आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला. इथे तो फरक लाखांच्या हिशेबात दिसतो.

एवढं सगळं खडा सांगतो. एक गोष्ट मात्र तो सांगत नाही. ती म्हणजे कुणी खणला, आणि कशा परिस्थितीत. मोझांबिकमधल्या मोंतेपुएझ इथे २००९ मध्ये माणकं सापडली आणि आज तो जगातला फार मोठा स्रोत आहे. त्या खाणीच्या परिसरात स्थानिक लोकांवर अत्याचार झाल्याच्या दाव्यांत २०१९ मध्ये खाणकंपनीनं, जबाबदारी मान्य न करता, ५८ लाख पौंडांची तडजोड केली. म्यानमारमध्ये २०२१ च्या लष्करी उठावानंतर सरकारी रत्नव्यापारावर अमेरिकेनं निर्बंध घातले. या कशाचीही रेघ स्फटिकात उमटत नाही. भिंगाखाली उष्णता दिसते, घाम दिसत नाही. त्यासाठी कागद लागतो, हिशेब लागतो आणि विचारणारा गिऱ्हाईक लागतो.

व्याख्यानांनंतर एक प्रश्न हमखास येतो, तो आधीच घेऊ. पत्रिकेत सांगितलं म्हणून माणिक घ्यायचं, तर कसं घ्यावं? ग्रहांबद्दल आज बोलत नाही, तो वेगळा वाद आहे. पण ज्यानं पैसे साठवून अंगठी करायला घेतली आहे, त्याला आपण कशाचे पैसे देतो आहोत हे कळण्याचा हक्क आहे. तेव्हा "खरं आहे ना?" असं विचारू नका. त्याला "हो" एवढंच उत्तर येतं. तीन प्रश्न सुटे-सुटे विचारा. कोणतं खनिज? खाणीतलं की कारखान्यातलं? तापवलं आहे का, आणि काही भरलं आहे का? उत्तरं बिलावर लिहून मागा. रक्कम मोठी असेल तर मुंबईत, जयपूरला प्रयोगशाळा आहेत. खडा कोंदणात बसवण्याआधी तपासून घ्या, नंतर मागची बाजू झाकली जाते. आणि जो विक्रेता तिन्ही उत्तरं लिहून देतो, त्याच्याकडे कारखान्यातलं माणिक घेतलं तरी फसवणूक नाही. आपण काय घेतलं ते आपल्याला माहीत असतं.

भर्तृहरीचं म्हणणं यानं खोटं ठरत नाही. भिंगातून काय पाहायचं हे आजही सरावानंच येतं. फक्त त्या सरावाला आता 'कशावरून' असं विचारता येतं, आणि चांगला पारखी त्याचा राग मानत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.